पाऊल गिळणारा गालिचा

एका राज्यात सगळे लोक दगडावर राहत असत. घरातली फरशी दगडाची, अंगणातला ओटा दगडाचा, आणि राजवाड्याची दालनंही काळ्या घडीव दगडाची. उन्हाळ्यात ती फरशी गार लागे, थंडीत पायाला झोंबे, आणि म्हाताऱ्या माणसांचे गुडघे बारा महिने कुरकुरत. तरी त्या राज्यात दगडाला कोणी नावं ठेवीत नसे. कारण दगडाखाली वास्तुपुरुष निजलेला असे.

तो तुमच्या-आमच्या घरातही असतो म्हणतात. पण त्या राज्यातल्या वास्तुपुरुषाचा कान फार तिखट. घरात कोणी काही बोललं, की तो खालून म्हणे, "तथास्तु." चांगलं बोला, तथास्तु. वाईट बोला, तथास्तु. त्याला राग नाही, लोभ नाही, आणि माणूस रागाच्या भरात बोलला की मनापासून बोलला, हेही त्याला कळत नाही. म्हणून त्या राज्यात घरात वाईट बोलायचं नाही, हा पहिला नेम. उंबरठा ओलांडला की फरशीवर टाच आपटायची, म्हणजे कोण आलं ते वास्तूला कळतं, हा दुसरा नेम. आणि आग्नेय कोपऱ्यात, जिथे वास्तुपुरुष पुरलेला असतो, तिथली एक फरशी कायम उघडी ठेवायची, हा तिसरा. तिच्यावर पाट मांडायचा नाही की चटई अंथरायची नाही.

त्या राज्याचा राजा वीरबाहू आणि राणी पद्मरेखा. पुष्कळ वर्षांनी, पुष्कळ नवसांनी त्यांना एक मुलगी झाली. तिचं नाव बकुळा. राणी तिला खाली म्हणून ठेवीत नसे. पण लेकरू ते, कडेवर किती दिवस राहणार? वर्षाची झाली तशी वळवळून खाली उतरू लागली. दोन पावलं टाकी, धपकन बसे, हसे आणि पुन्हा उठे. पायात चांदीचे वाळे होते. फरशीवर ते वाजत, आणि राणी आपल्या जागी बसून ओळखी, की आता बकुळा दाराशी पोचली, आता वळली, आता बसली.

एके सकाळी बकुळा पळायला गेली आणि तोंडघशी पडली. कपाळाला खोक पडली. रक्त पाहून राणीच्या जिवाचं पाणी पाणी झालं. तिनं लेकीला छातीशी धरलं आणि फरशीवर लाथ मारून ती ओरडली, "जळो मेला हा दगड! माझ्या लेकीच्या पायाला या घरात पुन्हा दगड लागायला नको!"

चंद्राक्का नावाची म्हातारी दासी तिथंच होती. तिनं तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "राणीसाहेब, शब्द मागं घ्या."

"का म्हणून? लेकीचं वाईट का मागितलं मी?"

खाली दगडाच्या पोटात कोणी कूस बदलावी तसं झालं. मग अगदी शांत आवाज आला, "तथास्तु."

त्याच दुपारी राजवाड्याच्या दाराशी एक सौदागर उभा राहिला. नाव तिमिरदत्त. उंच, देखणा, पायात लोकरीचे जोडे, खांद्यावर एक लहानशी गुंडाळी. उंबरठा ओलांडताना त्यानं टाच आपटली नाही. तो चालत आला तेव्हा पावलाचा आवाजही झाला नाही. राणीच्या हे ध्यानात आलं. परदेशी माणूस, त्याला इथली रीत काय ठाऊक, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं. हवी ती वस्तू समोर आली की आपण सगळेच असं करतो.

"राणी, तुझ्या लेकीला लागलं असं ऐकलं," सौदागर म्हणाला. "हा गालिचा अंथर. यावर पडलेलं मूल रडत नाही."

"मोल काय?"

"मोल नको. एक परवानगी दे. कोपरासुद्धा झाकू का?"

राणीनं आतल्या दालनाच्या आग्नेय कोपऱ्याकडे पाहिलं. चंद्राक्का दुरून मान हलवीत होती. राणीच्या पदरावर लेकीचं रक्त अजून ओलं होतं. ती म्हणाली, "मूल काय कोपरा पाहून पडतं? झाक."

गुंडाळी लहानशी, पण उलगडू लागली ती संपेचना. सभेचं दालन भरलं, मधलं दालन भरलं, आतलं दालन भरलं. डाळिंबी रंग, त्यावर निळ्या वेली, आणि काठाला पांढरी फुलं. आग्नेय कोपरा झाकला गेला तेव्हा समई एकदा फडफडली आणि पुन्हा स्थिर झाली. सौदागर कधी निघून गेला ते कोणालाच कळलं नाही, कारण त्याची पावलं ऐकू येतच नव्हती.

खोटं कशाला बोला, सुख झालं. बकुळा पडली तरी रडेना. राजा म्हणाला, "एवढ्या लढायांत चाललो, पण पायांना असा आराम मिळाला नव्हता." चंद्राक्काचे गुडघेसुद्धा कुरकुरायचे थांबले. उंबरठ्यावर टाच आपटायची रीत आपोआप मागं पडली. आपटून उपयोग काय, आवाजच येत नव्हता.

मग हळूहळू राणीच्या ध्यानात येऊ लागलं, की राजवाड्यातून आवाज जात चालला आहे. मागं कोणी येऊन उभं राही आणि तिला पत्ता नसे. वळून बघावं तो राजा खांद्याशी. एकदा वळून बघितलं, तर कोणीच नव्हतं, पण गालिचा दबलेला होता, कोणी उभं असावं तसा. बकुळाचे वाळे वाजेनासे झाले. लेक दालनात कुठं आहे हे कानाला कळेना, म्हणून राणी दिवसभर डोळ्यांनी तिचा पाठलाग करू लागली.

पहिलं नाहीसं झालं ते राजवाड्यातलं मांजर. शोधाशोध झाली आणि राणीला गालिच्याच्या काठावर, दोन फुलांच्या मधोमध, विणलेलं एक मांजर दिसलं. शेपटी वर, एक कान मुडपलेला. त्यांच्या मांजराचाही एक कान मुडपलेला होता. हे आधीपासून इथं होतं का? राणीला आठवेना. तिनं कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं, असं तिला वाटलं.

मग दिवे लावणारा गडी गेला, आणि निळ्या वेलीपाशी हातात दिवा धरलेला एक माणूस विणलेला दिसला. मग दारावरचा पहारेकरी गेला. आता सगळ्यांनाच दिसलं. विणलेल्या पहारेकऱ्याचं तोंड उघडं होतं.

राजानं मशाल मागवली. गालिच्याला लावली, तर ज्योत आत ओढली गेली आणि विझली. राजानं तलवार उपसली. घाव घातला, तर पाण्यात घालावा तसा गेला आणि जागा पुन्हा मिटली. राजानं दोन्ही हातांनी गालिच्याचा काठ धरला आणि ओढला. तेव्हा गालिच्यानं त्याला ओढलं. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग छातीपर्यंत. राजा ओरडत होता, पण आवाज येत नव्हता. नुसते ओठ हलताना दिसत होते. मग तेही दिसेनासे झाले.

नोकरचाकर दारांतून पळाले. राणी लेकीला घेऊन पळणार, तोच गालिचा दाराबाहेर सरकला, पायऱ्या उतरला आणि अंगणात पसरला. वाट राहिली नाही. सभेच्या दालनातला खिडकीखालचा कट्टा तेवढा दगडाचा उरला होता. त्यावर राणी, कडेवर बकुळा, आणि शेजारी चंद्राक्का, अशा तिघी पाय वर घेऊन बसल्या. गालिचा कट्ट्याच्या कडेला येऊन थांबला होता. त्याची लोकर हळूहळू वरखाली होत होती. तो श्वास घेत होता.

राणीनं लेकीला इतकं आवळून धरलं होतं की तिचे हात बधिर झाले. मी सोडणार नाही, मी सोडणार नाही, एवढंच ती मनात म्हणत होती. पण बकुळानं खाली पाहिलं. तिथं राजा विणलेला होता, मुकुटासकट. लेकरू हसलं. "बाबा," म्हणालं आणि दोन्ही हात पसरून पुढं झेपावलं. बधिर हातांतून ते निसटलं.

धप असा आवाजही झाला नाही. डाळिंबी रंगावर एक लहानशी मुलगी उमटली. एक पाय उचललेला, हात पसरलेले, कपाळावर खपली.

राणी किंचाळली. स्वतःची किंचाळी तिला स्वतःलाच कशीबशी ऐकू आली.

तेवढ्यात खिडकीबाहेरून कर्कश आवाज आला. एक टिटवी गजावर येऊन बसली होती. टिटवीचं ओरडणं लोक अशुभ मानतात, पण त्या घटकेला राणीला तो आवाज गोड लागला. आवाज होता, हेच पुष्कळ.

टिटवी म्हणाली, "राणी, तुझं लेकरू खाली गेलं. माझंही गेलं. अंगणातल्या उघड्या दगडावर माझं अंडं होतं. तुझा गालिचा त्यावर चढला."

"मला क्षमा कर. उपाय सांग."

"आधी ते मांजर बघ."

राणीनं काठाकडे पाहिलं. मांजराचे डोळे पुसले गेले होते. कान पुसले गेले होते. पांढऱ्या फुलासारखं काहीतरी उरलं होतं, आणि तिच्या डोळ्यांदेखत ते फूलच झालं. काठावरची सगळी पांढरी फुलं आधी कोण होती, हे तिला तेव्हा कळलं.

"लहान जीव लवकर विटतो," टिटवी म्हणाली. "सूर्य बुडेल तेव्हा तुझी लेकही फूल होईल. मी तीन खडे आणले आहेत. दोन टाचांखाली बांध. ज्या पायाला दुखतं, त्याला गालिचा गिळत नाही. तिसरा मुठीत ठेव. राजाची तलवार एकदा आगीत मऊ झाली होती. हा दगड कधीच मऊ झालेला नाही. आतल्या दालनात जा आणि आग्नेय कोपरा उघडा कर. वास्तूला गालिच्याखालून ऐकू येत नाही. पहिल्या दालनात बसू नकोस. दुसऱ्या दालनात मागं वळू नकोस. तिसऱ्या दालनात भलं मागू नकोस."

"भलं मागू नको, म्हणजे काय?"

टिटवी उडून गेली होती.

चंद्राक्का म्हणाली, "राणीसाहेब, मी जाते. माझं वय झालंय."

"शब्द माझा होता, चंद्राक्का," राणी म्हणाली. तिनं पदराच्या चिंध्या फाडल्या आणि धारदार खडे टाचांखाली करकचून बांधले. मग ती कट्ट्यावरून खाली उतरली.

पहिल्या पावलालाच डोळ्यांपुढे काजवे चमकले. गालिचा तिच्या पावलाभोवती दबला, चाचपला आणि मागं सरला. राणी चालू लागली. पहिल्या दालनात ऊब होती. लोकर फुगून तिच्यासाठी बैठक झाली, मागं लोड झाला. टाचांतून रक्त येत होतं. फक्त क्षणभर बसावं, खडे नीट करावेत आणि उठावं, असं तिच्या मनात आलं. तिचे गुडघे वाकलेही. तेव्हा तिची नजर दिवे लावणाऱ्या गड्यावर पडली. विणलेले डोळे तिच्याकडे वळले होते आणि मान नाही म्हणून हलत होती. राणी ताठ झाली आणि पुढं गेली.

दुसऱ्या दालनात पाय ठेवला आणि मागून वाळे वाजले.

छुम. छुम. धप. मग खुदकन हसू. मग पुन्हा छुम. किती दिवसांनी तो आवाज कानी पडत होता! बकुळा दाराशी पोचली, आता वळली, आता अगदी पाठीशी आली. इवल्या बोटांनी लुगड्याचा काठ धरला. "आई," कोणी म्हणालं. राणीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मान वळायला लागली होती. तिनं उजवी टाच सगळा भार टाकून खड्यावर दाबली. कळ मस्तकात गेली. मागच्या आवाजात एक गोष्ट नव्हती, ती तिला त्या कळेत उमगली. बकुळा धप बसली की एक हुंकार देई. मागचं मूल पडत होतं, पण त्याला लागतच नव्हतं. ते तिचं मूल नव्हतं. लुगड्याला धरलेली बोटं पुढच्या पावलागणिक लांब होत गेली, लोकरीच्या धाग्यांसारखी, आणि तुटली.

तिसऱ्या दालनात पश्चिमेच्या झरोक्यातून तांबडं ऊन येत होतं. आग्नेय कोपऱ्यात तिमिरदत्त उभा होता. त्याच्या पायांपाशी गालिच्यावर बकुळा होती. काठाकाठानं सरकत गालिच्यानं तिला तिथं आणलं होतं. तिचे वाळे पुसले गेले होते. एका पायाची बोटं पुसली गेली होती.

"राणी, तू मागितलंस तेच मी दिलं," तो म्हणाला. "इथं कोणी पडत नाही. कोणाला खोक पडत नाही. ताप नाही, म्हातारपण नाही. तुझ्या लेकीच्या पायाला कधी दगड लागणार नाही. खडे सोड आणि तिच्याजवळ ये."

राणी थांबली. खोटं बोलायचं तर आपण म्हणू, की ती थांबली नाही. पण ती थांबली. आईला याहून मोठं दान कोण देणार? पुढं या मुलीला काय काय लागेल, कुठं कुठं ती पडेल, आणि त्या प्रत्येक वेळी आपण जवळ असू असंही नाही, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

"तुझा यात लाभ काय?" तिनं विचारलं.

"मला टाचा नाहीत. मी दुसऱ्यांच्या पावलांवर जगतो."

झरोक्यातलं ऊन भिंतीवर वर चढलं. बकुळाचं हसू पुसलं गेलं. ते पाहताच राणी पुढं धावली, कोपऱ्यात बसकण मारली आणि मुठीतला खडा गालिच्यात खुपसला. गालिचा कळवळला. सगळी दालनं एकदम हलली. ती कापत गेली, धागे तिच्या मनगटाला विळखे घालीत गेले, आणि शेवटी बोटभर रुंदीचा काळा दगड दिसला. राणीनं त्यावर तोंड टेकलं.

माझी लेक सुखरूप परत दे, असं ती म्हणणार होती. शब्द ओठांवर होता.

"माग," तिमिरदत्त वरून म्हणाला. "सुखरूप माग." आणि तो हसला.

त्या हसण्यानं राणीनं शब्द आवरला. लेक सुखरूपच होती. गालिच्याइतकी सुखरूप ती दुसरीकडे कुठेच नव्हती. भलं मागू नकोस. टिटवीचं बोलणं तिला आता कळलं. घरात वाईट बोलायचं नाही, हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. आणि इथं तर पोटच्या पोरीला बोलायचं, तेही वास्तूच्या कानात.

बकुळाचा एक डोळा पुसला गेला.

"माझ्या लेकीच्या पायाला दगड लागू दे," राणी म्हणाली. तिचा आवाज तिला ओळखू येईना. "ती पडू दे. तिला खोक पडू दे. तिला दुखू दे. ती रडू दे, आणि मला ते ऐकू येऊ दे."

सगळं स्तब्ध झालं. गालिच्याचा श्वाससुद्धा थांबला. ऊन झरोक्यातून जायला आलं होतं.

"तथास्तु," दगड म्हणाला.

मग फाटलेल्या जागेपासून गालिचा उसवत गेला. डाळिंबी रंग मागं हटत गेला आणि खालून काळी फरशी उघडी पडत गेली. तिमिरदत्ताचे जोडे उसवले. टाचा नसलेले पाय दगडावर टेकले आणि त्याला उभं राहता येईना. त्याच्या अंगातून पावलं बाहेर पडू लागली. लहानांची, मोठ्यांची, घोड्यांची, किती राज्यांतली आणि किती काळाची. दालनं त्या टापांनी आणि टाचांनी दणाणली. ती सगळी दाराबाहेर निघून गेली तेव्हा कोपऱ्यात मूठभर मळकी लोकर उरली होती.

गडी दिव्यासकट उठला. पहारेकऱ्याची अर्धी राहिलेली हाक पूर्ण झाली. राजा मुकुट सावरीत आला आणि आल्याबरोबर त्यानं फरशीवर टाच आपटली. अंगणात टिटवी ओरडली. तिचं अंडं उघड्या दगडावर जसंच्या तसं होतं. जे फुलं होऊन गेले होते, ते मात्र परतले नाहीत. ते मांजरही परत आलं नाही.

राणीला यातलं काही दिसत नव्हतं. ती आपल्या लेकीकडे पाहत होती. बकुळा फरशीवर उभी होती, एक पाय उचललेला. तिनं तो टाकला. वाळा वाजला. दुसरा टाकला, अडखळली आणि तोंडघशी पडली. कपाळावरची खपली फुटली. क्षणभर काही नाही. मग तिनं असं भोकाड पसरलं, की चंद्राक्का कट्ट्यावरून ऐकून रडायला लागली.

राणीनं रक्ताळलेल्या टाचांनी धाव घेतली आणि लेकीला पोटाशी धरलं. "रड, बाई, रड," ती म्हणत होती. "मोठ्यानं रड." तिला एवढा आनंद जन्मात कधी झाला नव्हता.

पुढं त्या राज्यात पूर्वीसारखं सगळं सुरू झालं. राजानं हुकूम काढला, की बसायला सतरंजी घ्या, थंडीत घोंगडी अंथरा, पाहुण्याला गालिचा घाला; पण उठलात की गुंडाळून ठेवा, आणि आग्नेय कोपरा कशानेही झाकू नका. म्हाताऱ्यांचे गुडघे पुन्हा कुरकुरू लागले आणि त्याबद्दल कोणी कुरकुर केली नाही. बकुळा मोठी होईपर्यंत कितीतरी वेळा पडली. दर वेळी राणीच्या जिभेवर "जळो" यायचं, दर वेळी ती ते गिळायची आणि कान देऊन बसायची. आधी धप. मग रडणं. मग थोडा वेळ काहीच नाही, आणि तेवढा वेळ राणीचा श्वास अडकलेला असे. मग वाळे पुन्हा वाजू लागत.

गालिच्यावर बसून ऐकलेली ही कहाणी फरशीवर संपली. आता उठा, टाच आपटा, आणि आपापल्या घरी सांभाळून बोला.